सहा महिन्यांची खुर्ची

1 एप्रिल हा आपल्याकडे दुसऱ्याला फसवायचा दिवस. सान मारिनो नावाच्या चिमुकल्या देशात त्या दिवशी राष्ट्रप्रमुख खुर्ची सोडतात. खरोखर सोडतात! नवे येतात, तेही 1 ऑक्टोबरला उठून घरी जातात. दर सहा महिन्यांनी सत्ता बदलण्याची ही रीत 1243 पासूनची. तेव्हा देवगिरीवर यादवांचं राज्य होतं आणि ज्ञानेश्वरीला अजून 47 वर्षं अवकाश होता.

चहूबाजूंनी इटली, मध्ये हा 61 चौरस किलोमीटरचा देश. राष्ट्रप्रमुख एक नव्हे, दोन. त्यांना म्हणायचं कॅप्टन रीजंट. 60 जणांची महासभा त्यांना निवडते. दोघांचे अधिकार अगदी सारखे. एकाचा निर्णय दुसरा अडवू शकतो. म्हणजे मुळात सहा महिने, तेही वाटून घ्यायचे! उतरल्यावर तीन वर्षं पुन्हा त्या खुर्चीकडे बघायचं नाही. लोकसंख्या जेमतेम 34 हजार, त्यामुळे तिथे भाजीच्या रांगेत माजी राष्ट्रप्रमुख भेटला तर नवल नाही.

मला खरी भुरळ पडली ती पुढच्या गोष्टीची. मुदत संपली की ठरावीक दिवसांत कुणीही नागरिक त्या दोघांविरुद्ध तक्रार नोंदवू शकतो. काय केलं, काय करायचं राहिलं, सगळ्याचा जाब. खुर्चीवर बसतानाच माणसाला ठाऊक असतं की ऑक्टोबरात आपण साधे नागरिक असणार आणि समोर हिशेबाची वही उघडलेली असणार.

अर्थात तिथला रोजचा कारभार मंत्री बघतात, रीजंटांचं पद बरंचसं मानाचं. शिवाय नुसती मुदत आखून भागत नाही. जुन्या फ्लोरेन्समध्ये नऊ जणांचं सत्तामंडळ दर दोन महिन्यांनी बदले. थैलीतून चिठ्ठ्या काढून नावं ठरत. मेदिची घराण्याने नियमाला हात लावला नाही. थैलीत कुणाच्या चिठ्ठ्या पडतात, तेवढं पाहिलं. माणसं बदलत राहिली, सत्ता एकाच वाड्यात राहिली. आपल्याला हा प्रकार अगदीच अनोळखी नाही.

मुदतीची मागणी निघाली की मला सांगोल्याचे गणपतराव देशमुख आठवतात. 11 वेळा आमदार झालेला हा साधा माणूस कुठल्याही मुदतीच्या नियमात केव्हाच घरी बसला असता. तो तोटा खराच. तरीही मी मुदतीच्या बाजूने आहे, कारण गणपतराव एखादेच असतात आणि खुर्चीला चिकटलेले गावोगाव.

आपल्या राज्यघटनेत आमदारकीसाठी किमान वय आहे 25, राष्ट्रपतिपदासाठी 35. पंतप्रधान, मुख्यमंत्री किंवा आमदार किती वेळा होता येईल, याला मर्यादा नाही.