टक्केवारीत न मावणारं अपंगत्व

बोगस दिव्यांग प्रमाणपत्रांचं प्रकरण गाजल्यापासून फेरतपासणीची मागणी जोरात आहे. खोटे दाखले काढणाऱ्यांना शिक्षा व्हायलाच हवी. पण दाखल्यावरचा टक्क्यांचा आकडा नेमकं काय सांगतो, हे या गदारोळात कुणी विचारत नाही. दिव्यांगांच्या हक्कांच्या २०१६च्या कायद्यानुसार दीर्घकाळची शारीरिक वा मानसिक कमतरता आणि भोवतालचे अडथळे यांची गाठ पडून माणसाला इतरांच्या बरोबरीने वावरता येत नाही, तेव्हा ते अपंगत्व. म्हणजे कारणाचा मोठा भाग शरीराबाहेर आहे. आरक्षणासाठी मात्र किमान ४० टक्क्यांची अट आहे आणि शारीरिक अपंगत्वाचे टक्के मोजताना डॉक्टर मुख्यतः शरीर पाहतात. गुडघ्याखाली पाय गमावलेल्या ऊसतोड कामगाराला आणि बँकेतल्या कारकुनाला सारखेच टक्के मिळतात. कारकून कृत्रिम पाय लावून पुन्हा खुर्चीत बसतो, कामगाराचं पोट मात्र फडावरच अवलंबून असतं.

सिकलसेलचं उदाहरण तर अधिक बोलकं आहे. १९९५च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते. नव्या कायद्यात ते २१ झाले आणि त्यात हा आजारही आला. हा आजार जास्त आढळणाऱ्या विदर्भातल्या आणि नंदुरबारच्या आदिवासी भागांसाठी ही फार मोलाची गोष्ट होती. या आजारात लाल रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना सुरू होतात. ही कळ कधी उठेल याचा नेम नसतो. परीक्षेच्या दिवशीही उठते. असा आजार असलेली मुलगी एरवी धडधाकट दिसते, म्हणून तिच्यावर ढोंगाचा आरोप होतो. शाळेत पुरेसं पिण्याचं पाणी, हजेरीत सवलत आणि बुडालेला पेपर पुन्हा देण्याची सोय असेल तर ती शिकते, नसेल तर शाळा सुटते. दोन्हीकडे आजार तोच, दाखलाही तोच.

टक्क्यांची अट ढिली केली तर बोगसांचं फावेल, हा आक्षेप गंभीर आहे. सरकारी नोकरीतल्या ४ टक्के राखीव जागांसाठी कुठेतरी रेषा आखावीच लागेल, हे मान्य. पण त्याच रेषेने माणसाची कुवत ठरवणं अन्यायाचं आहे. महाराष्ट्रातल्या एका विद्यार्थ्याला वाचादोष ४० टक्क्यांहून अधिक म्हणून एमबीबीएसचा प्रवेश नाकारला गेला होता. केवळ आकड्यावरून अपात्र ठरवता येणार नाही, तो हा अभ्यासक्रम पूर्ण करू शकेल का ते वैद्यकीय मंडळाने तपासावं, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४मध्ये बजावलं. नव्या वैद्यकीय मंडळाने त्याआधीच तो सक्षम असल्याचं सांगितलं होतं आणि त्याचा प्रवेश कायम झाला. अशा तपासणीला वेळ आणि व्यवसायोपचार तज्ज्ञ जास्त लागतील, हे खरं. पण माणूस रोज काय करतो, कुठे अडतो हे लेखी कारणांसह नोंदवावं लागलं, तर खोटा दाखला पचवणंही अवघड होईल. फेरतपासणी करायचीच आहे, तर त्याच बैठकीत संबंधिताला कोणती सोय हवी तेही लिहून घ्यावं आणि ते त्याच्या शाळेला किंवा कार्यालयाला कळवावं. तशा वाजवी सोयी देण्याचं बंधन सरकारी आस्थापनांवर कायद्याने आधीच घातलेलं आहे.