रंग आणि उष्णता : शालेय प्रयोगासाठी प्रकाशाची निवड

काळा पृष्ठभाग उष्णता अधिक शोषतो व पांढरा ती परत फेकतो, हे विधान शालेय विज्ञानात सर्वत्र शिकविले जाते. दोन डबे, दोन तापमापके व थोडे पाणी एवढ्या साहित्यावर ते पडताळून पाहता येते. तथापि, या प्रयोगाचा निष्कर्ष डब्यांच्या रंगाइतकाच त्यांवर पडणाऱ्या प्रकाशावरही अवलंबून असतो. बेळगाव-निपाणी परिसरात शाळांचे वर्ष व पावसाळा जवळजवळ एकाच सुमारास सुरू होतात. आकाश मेघाच्छादित असल्याने शिक्षकांस उन्हाऐवजी दिव्याचा आश्रय घ्यावा लागतो. म्हणून दिव्यांचे गुणदोष जाणून घेणे अगत्याचे आहे.

अदृश्य किरणांची उष्णता

इ. स. १८०० मध्ये विल्यम हर्षल या खगोलशास्त्रज्ञाने लोलकातून सूर्यप्रकाशाचे रंग वेगळे करून त्यांत तापमापके ठेवली. तांबड्या रंगाच्या पलीकडे, जेथे डोळ्यांस काहीच दिसत नव्हते, तेथेही तापमान वाढले. हेच अवरक्त किरण होत. पदार्थाचा रंग दृश्य प्रकाशातील त्याचे वर्तन दाखवितो. अवरक्त किरण तो किती शोषील, हे केवळ रंगावरून सांगता येत नाही. काजळी दोन्ही प्रकारचे किरण शोषते. परंतु काही काळी कापडे अवरक्त किरणांचा बराच भाग परावर्तित करतात.

कोणता प्रकाश घ्यावा?

सूर्यप्रकाश सर्वांत उत्तम होय. त्याच्या ऊर्जेत दृश्य प्रकाशाचा वाटा दोन-पंचमांशाहून अधिक असल्याने रंगाचा परिणाम स्पष्ट दिसतो. या भागात डिसेंबरातही मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ५० अंश उंच असतो. त्यामुळे पावसाळ्यानंतरच्या निरभ्र दिवसांत सकाळी ११ ते दुपारी १ ही वेळ सोयीची ठरते.

तारेचा जुना बल्ब हा दुसरा पर्याय होय. त्याच्या ऊर्जेचा जेमतेम दहावा हिस्सा दृश्य प्रकाश असतो. उरलेली बहुतांश अवरक्त असते. काजळी व चुना यांतील फरक त्याने दिसतो, परंतु तांबडा, हिरवा व निळा यांची तुलना त्यावर विसंबून करू नये.

एल.ई.डी. दिव्याच्या झोतात अवरक्त किरण जवळजवळ नसतात. त्याची उष्णता मुख्यतः मागील बाजूने बाहेर पडते. ९ वॅटच्या घरगुती दिव्याने पाण्याचे तापमान इतके थोडे वाढते की फरक वाचणे कठीण होते. विजेची शेगडी तर वापरूच नये. तिचा प्रकाश नाममात्र असून तिच्या दीर्घ लांबीच्या किरणांना चुनाही बऱ्याच अंशी शोषून घेतो.

प्रयोगाची मांडणी

एकसारखे दोन डबे घेऊन एकास काजळी व दुसऱ्यास चुना लावावा. दोहोंत २०० मिलिलिटर पाणी घालून झाकण लावावे. तापमापकाचे टोक पाण्यात बुडालेले असावे. त्यावर थेट प्रकाश पडू देऊ नये. दर ५ मिनिटांनी, अर्ध्या तासापर्यंत, नोंद घ्यावी. वाऱ्यापासून दोन्ही डबे सारखेच आडोशाला ठेवावेत.

दिवा वापरताना अंतर काटेकोर मोजावे. एक डबा २० व दुसरा २२ सेंटिमीटरवर असेल, तर जवळच्या डब्यावर सुमारे एक-पंचमांश अधिक प्रकाश पडतो आणि रंगाचा परिणाम झाकोळतो. यास्तव डब्यांच्या जागा बदलून प्रयोग पुन्हा करावा. तापलेल्या बल्बवर पाणी उडणार नाही, याची दक्षता घ्यावी. पाऱ्याऐवजी अल्कोहोलचा तापमापक अधिक सुरक्षित होय.

व्यवहारातील उपयोग

निपाणी भागातील तंबाखूची पाने व संकेश्वरी मिरची उन्हात वाळविली जातात. तेच ऊन शाळेचे पत्र्याचे छप्परही तापविते. छपरास चुना लावावा की नाही, सौर चुलीचे भांडे काळे का असावे, या प्रश्नांची उत्तरे उन्हातील प्रयोगच देऊ शकतो. शेगडीपुढे केलेल्या चाचणीवरून चुन्याचा उपयोग नाही असे कोणी ठरविल्यास, वर्गातील मुलांना अकारण उकाडा सोसावा लागेल. म्हणून प्रयोगवहीत तापमानाबरोबर कोणत्या प्रकाशात प्रयोग केला, हेही विद्यार्थ्यांनी न चुकता नोंदवावे.