एका दाताचा हिशेब

मोटरसायकल म्हटली की आपल्याकडे दोनच प्रश्न विचारले जातात : किती देते आणि किती पळते? पण भोर-मुळशीच्या डोंगरवाटांवर डर्ट बाईक चालवणाऱ्या पोरांना तिसराच प्रश्न छळतो. गाडी किती हळू चालते?

प्रश्न गमतीचा वाटेल. पण वाट हातभर रुंद, एका अंगाला दरी, चढावर सुटा मुरूम आणि समोर एकदम उलटं फिरणारं वळण. गाडी पहिल्या गिअरमध्येही माणसाच्या चालीहून जोरात जाऊ पाहते. मग पोरं अर्धा क्लच दाबून धरतात. क्लचप्लेटा तापतात, बोटं आखडतात आणि नेमकं वळणावर इंजिन बंद पडतं. पाय टेकावा, तर दरीच्या बाजूला जमीन खाली गेलेली!

यावरचा इलाज चेनच्या दोन टोकांना आहे. समजा, इंजिनाकडच्या स्प्रॉकेटला १३ दाते आहेत आणि मागच्या चाकाच्या स्प्रॉकेटला ३९. चाक एकदा फिरायला पुढचं स्प्रॉकेट तीनदा फिरतं. आता पुढचा एकच दात कमी करा. १२ आणि ३९, म्हणजे सव्वातीन. चाकाला मिळणारी ओढ आठ टक्क्यांनी वाढली. मागचं स्प्रॉकेट वाढवून हेच साधायचं, तर ४२ दाते लागतात. पुढचा एक दात मागच्या तिघांच्या तोडीचा!

बँकेत उमेद घालवलेल्या माझ्यासारख्याला हा व्यवहार ओळखीचा वाटतो. इंजिनाची शक्ती एका पैशानंही वाढलेली नसते. रक्कम फक्त वेगाच्या खात्यातून ओढीच्या खात्यात वळती झालेली असते. इंजिनाच्या ज्या फेऱ्यांवर गाडी ताशी ६० किलोमीटर जायची, त्याच फेऱ्यांवर आता ५५ जाईल. डोंगरापर्यंतचा हमरस्ता कंटाळवाणा होणार. पुढचं स्प्रॉकेट लहान झालं की चेन जास्त वाकते आणि लवकर झिजते. मागचं मोठं केलं तर जास्त लांबीची चेन लागू शकते. दोन्हीकडे व्याज आहेच.

उताराला मात्र हीच गुंतवणूक कामी येते. इंजिन गाडीला धरून ठेवतं, ब्रेकवरचा भार हलका होतो. निसरड्या उतारावर पुढचं चाक ब्रेकनं घसरण्यापेक्षा हे केव्हाही बरं.

पण हाव नको. ओढ फार वाढवली, तर पहिला गिअर निरुपयोगी होतो आणि मागचं चाक मुरमात नुसतं गरगरतं. एक दात बदलावा, चेनचा ढिलेपणा गाडीच्या पुस्तकाप्रमाणे तपासावा, त्याच वाटेवर पुन्हा जाऊन यावं. मग पुढचा विचार.

घरातला मुलगा किंवा मुलगी अशी गाडी घेणार असेल, तर वडीलधाऱ्यांनी टॉप स्पीड जरूर विचारावा. पण त्याआधी विचारावं, ‘क्लच न दाबता ही चढावर किती सावकाश चालते रे?’ उत्तर देता आलं, तर पोराला डोंगर थोडाफार कळला आहे असं समजायला हरकत नाही.