रंगसंकेत आणि तरुणांची डिजिटल भाषा : गोंदिया जिल्ह्याच्या संदर्भात

रंगाचा अर्थ रंगात असतो की तो पाहणाऱ्या समाजात, हा प्रश्न साहित्यशास्त्राला नवा नाही. भरताच्या नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात प्रत्येक रसाचा वर्ण सांगितला आहे. तेथे शृंगार श्याम, रौद्र रक्त, अद्भुत पीत, तर बीभत्स नील आहे. आजचा तरुण प्रेमासाठी लाल रंग योजतो आणि नीलवर्णाचा बीभत्साशी असलेला संबंध त्याला अनाकलनीय वाटतो. यावरून रंग व अर्थ यांचे नाते नैसर्गिक नसून सांकेतिक आहे, हे स्पष्ट होते. मोबाइलच्या पडद्यावर हे संकेत कसे घडतात, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

तंत्रज्ञान रंग पुरविते, अर्थ नव्हे. युनिकोड या संकेतप्रणालीत ज्या चिन्हाचे अधिकृत नाव ‘जाड काळे हृदय’ असे आहे, तेच पडद्यावर सामान्यतः लाल दिसते. छपाईच्या परिभाषेत ‘काळे’ म्हणजे आतून भरलेले, एवढाच त्या नावाचा आशय. २०१० मध्ये निळे, हिरवे, पिवळे व जांभळे, २०१६ मध्ये काळे आणि २०१७ मध्ये नारिंगी हृदय या प्रणालीत आले. त्यांना नावे मिळाली. अर्थ वापरणाऱ्यांनी दिले.

जेथे यंत्रणाच अर्थ ठरविते, तेथेही तो स्थिर राहत नाही. नोव्हेंबर २०१४ मध्ये व्हॉट्सअॅपवर दोन निळ्या खुणा आल्या. ‘संदेश वाचला गेला’ हा त्यांचा वाच्यार्थ. परंतु उत्तर न आल्यास ‘वाचूनही दुर्लक्ष केले’ असा व्यंग्यार्थ त्यातून निघतो. ध्वनिसिद्धान्ताचे इतके परिचित उदाहरण आज वर्गात दुसरे क्वचितच सापडेल.

हाच निळा रंग गोंदियात आणखी एका परंपरेने येतो. १९४२ मध्ये नागपूर येथे स्थापन झालेल्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा ध्वज निळा होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५४ मध्ये भंडारा मतदारसंघातून लोकसभेची पोटनिवडणूक लढविली, तेव्हा गोंदिया भंडारा जिल्ह्यातच होते. स्वतंत्र जिल्हा १९९९ मध्ये झाला. त्यामुळे १४ एप्रिलला एखाद्या विद्यार्थ्याच्या स्टेटसवर दिसणारे निळे हृदय हा केवळ आवडीचा रंग नसतो. त्यात एका चळवळीची स्मृती असते. पिवळ्याचेही तसेच. ‘हात पिवळे करणे’ या वाक्प्रचारात तो हळदीचा, विवाहाचा रंग आहे. परंतु माघ पौर्णिमेच्या सुमारास, सालेकसा तालुक्यातील कचारगडच्या यात्रेच्या दिवसांत, गोंडी तरुणाच्या छायाचित्रातील पिवळा गमछा त्याच्या समाजाची ओळख सांगतो.

येथे एक गंभीर बाब लक्षात घ्यावी लागते. आडनाव न सांगताही रंगामुळे लिहिणाऱ्याचे सामाजिक स्थान उघड होते. ते अभिमानाने उघड करणे हा आत्मप्रत्ययाचा भाग आहे. उलट मिश्र गटात तोच रंग टाळणे हेही एक विधान ठरते. मौन जसे संवादाचा भाग असते, तसा न वापरलेला रंगही. दुसऱ्याने मात्र तो रंग पाहून माणसाचे मत, पक्ष वा स्वभाव परस्पर ठरविला, तर संकेताचा शिक्का होतो. निळे हृदय निव्वळ मैत्रीचेही असू शकते. अर्थनिर्णयासाठी कोण, कोणाला, कोणत्या दिवशी आणि कोणत्या गटात लिहितो, हे पाहणे म्हणूनच अपरिहार्य ठरते.

सारांश, तरुणांच्या लेखनातील रंग हा अलंकार नसून भाषेचा घटक आहे. कवितेतील ‘निळा’ वा ‘पिवळा’ शब्द वाचताना आपण संदर्भाची जी शिस्त पाळतो, तीच येथेही पाळावयास हवी. भाषेच्या अध्यापकाने या रंगांचा कोश बनविण्यापेक्षा ते वाचण्याची ही रीत विद्यार्थ्यांना द्यावी. कारण कोशातील अर्थ गोठतो आणि गोठलेल्या अर्थावरूनच माणसांविषयीचे पूर्वग्रह पक्के होतात.