ड्रायव्हरांच्या थरांमधला संवाद : साडेतीन दशकांचा मागोवा

डिस्कवरची फाइल वाचण्याची मागणी ऑपरेटिंग सिस्टिममध्ये फाइल सिस्टिम, व्हॉल्यूम, डिस्क आणि कंट्रोलर अशा एकाखाली एक रचलेल्या ड्रायव्हरांतून उतरते आणि उत्तर त्याच वाटेने वर येते. अशा रचनेत नवा कंट्रोलर आला तर तळाचा ड्रायव्हर बदलून भागते. या सोयीची किंमत प्रत्येक हद्दीवर मोजावी लागते : मजकुराची नक्कल, जादा फंक्शन-कॉल आणि रांगेच्या लॉकसाठी ताटकळणे. १९८४ ते २०१९ या काळात हा खर्च टप्प्याटप्प्याने उतरला.

जुन्या युनिक्समध्ये टर्मिनलची अक्षरे थरांमधून एकेक करून सरकत, त्यामुळे दर अक्षरामागे कॉल होत. बेल लॅब्जच्या डेनिस रिची यांनी १९८४ मध्ये मांडलेल्या ‘स्ट्रीम’ पद्धतीत मॉड्यूल अक्षरांऐवजी ब्लॉक पुढे देऊ लागले. पुढे जाई तो ब्लॉकचा पॉइंटर. मजकूर मेमरीत जागेवरच राही. मॉड्यूलसाठी स्वतंत्र प्रोसेस नव्हती, शेजारच्या मॉड्यूलचे फंक्शन थेट बोलावले जाई. साहजिकच प्रोसेस बदलण्याचा खर्च वाचला.

१९९३ च्या विंडोज एनटीने मागणीसाठी ‘आयआरपी’ हे पॅकेट वापरले. खालच्या सर्व ड्रायव्हरांसाठीचे कप्पे त्यात सुरुवातीलाच राखलेले असत; कचेरीतल्या फाइलवर प्रत्येक टेबलाच्या शेऱ्याची जागा आधीच आखलेली असावी, तसे. त्यामुळे प्रत्येक थराला नवे पॅकेट बनवावे लागत नसे. मजकूर कॅशमध्ये असेल तर ‘फास्ट आय/ओ’ मार्गाने हे पॅकेटही टाळता येई. तरी अँटिव्हायरससारखे फिल्टर ड्रायव्हर वाढले, तशी प्रत्येक मागणी कामाची असो-नसो, प्रत्येक फिल्टरमधून जाऊ लागली. विंडोज एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकबरोबर २००४ मध्ये आलेल्या फिल्टर मॅनेजरने त्यावर उपाय केला : मिनिफिल्टरने आपल्याला हव्या त्या क्रियांची नोंदणी करायची आणि तेवढ्यांसाठीच त्याला बोलावले जायचे.

लिनक्समध्ये अडचण वेगळी होती. तिथे मोठी मागणी आधी पानाएवढ्या किंवा त्याहून लहान बफरांत तोडली जाई आणि खालच्या थरात पुन्हा जोडली जाई. डिसेंबर २००३ च्या २.६ आवृत्तीत आलेल्या ‘बायो’ या रचनेत एकच मागणी अनेक पानांची यादी घेऊन जाऊ लागली आणि ही तोडजोड बरीचशी थांबली.

फिरत्या डिस्कला एका मागणीसाठी काही मिलिसेकंद लागत, तोवर थरांचा खर्च झाकला जाई. फ्लॅश मेमरीने हा वेळ मायक्रोसेकंदांवर आणला आणि खर्च उघडा पडला. एएचसीआय कंट्रोलरच्या पोर्टला ३२ आदेशांची एकच रांग होती. २०११ च्या एनव्हीएमई मानकाने ६५,५३५ पर्यंत रांगांची मुभा दिली. लिनक्सचा ब्लॉक थर मात्र दर उपकरणामागे एकच रांग आणि एकच लॉक ठेवून होता, त्यामुळे अनेक कोर त्या लॉकपाशी अडत. जानेवारी २०१४ मधल्या ३.१३ आवृत्तीतील ‘ब्लॉक-एमक्यू’ने प्रत्येक कोरला आपली सॉफ्टवेअर रांग दिली आणि या रांगा उपकरणाच्या रांगांशी जोडल्या. एनव्हीएमई ड्रायव्हरने स्कझी या जुन्या डिस्क-मानकाचा मधला थर आधीच गाळला होता. २०१९ च्या ५.० आवृत्तीत जुनी एकरांगी पद्धत काढून टाकण्यात आली.

या साऱ्या बदलांत थरांची रचना बहुतांशी टिकली. नक्कल, पुनर्बांधणी आणि सामायिक लॉक यांना फाटा देऊनच वेग मिळवला गेला.