संगीतश्रवणातील तन्मयता : बुरोंडीतील भजनाच्या निमित्ताने

प्रास्ताविक

संगीत ऐकत असताना श्रोत्याचे डोळे भरून येतात, अंगावर रोमांच उभे राहतात, काळाचे भान सुटते. या अनुभवाला आपण तल्लीनता, तन्मयता, भावविवशता अशी नावे देतो. पण ती समानार्थी नाहीत. रससिद्धान्त शिकवीत असताना एका विद्यार्थिनीने विचारले होते, ‘भजनात रडणारा माणूस संगीताने रडतो की भक्तीने?’ त्या वेळी समाधानकारक उत्तर देता आले नाही. त्या प्रश्नाच्या अनुषंगाने तन्मयतेचे स्वरूप स्पष्ट करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

बुरोंडीतील एक रात्र

बुरोंडी हे दापोली तालुक्यातील अरबी समुद्राकाठचे गाव. कोकणात इतरत्र होतात तशी गणेशोत्सवात येथेही भजने होतात. बुवा पेटीवर अभंग सुरू करतात, पखवाज ठेका धरतो, टाळकरी धृपद उचलतात आणि गजराला लय चढत जाते. अशाच एका रात्री ओटीच्या कडेला बसलेले एक वृद्ध गृहस्थ पाहण्यात आले. गळा थकल्याने ते आता गात नव्हते. मात्र हात मांडीवर अचूक ठेका धरीत होता. गजर टिपेला पोहोचला तेव्हा त्यांच्या गालांवरून अश्रू ओघळत होते. गजर संपला. त्यांनी उपरण्याने तोंड पुसले आणि शेजारच्या मुलाला विचारले, ‘चाय आली काय रे?’

हा प्रश्न वरवर गमतीचा वाटेल. परंतु विवेचनाच्या दृष्टीने तो महत्त्वाचा आहे. घरातील दुःखाने आलेले रडू असे गजराबरोबर थांबत नाही.

रस आणि लौकिक भाव

दहाव्या-अकराव्या शतकांतील काश्मिरी आचार्य अभिनवगुप्त यांनी नेमका हाच भेद केला आहे. लौकिक शोक व्यक्तीचा असतो. करुण रस साधारणीकरणातून येतो, म्हणून तो आस्वाद्य होतो. ‘अभिनवभारती’त त्यांनी रसास्वादातील सात विघ्ने सांगितली आहेत. स्वतःच्याच सुखदुःखात गुरफटून जाणे हे त्यांपैकी एक, आणि त्याच्या निवारणासाठी गायन-वादनादी साधने योजिली जातात, असे ते म्हणतात. म्हणजे संगीत आपल्याला आपल्या दुःखात बुडवीत नाही, क्षणभर त्यातून बाहेर काढते. ‘जुन्या आठवणी जाग्या झाल्या, म्हणून गाणे भिडले’ या नेहमीच्या स्पष्टीकरणाच्या हे बरोबर उलट आहे. आठवणीने येणारी हळवेपणाची लाट खोटी नसते. तथापि त्या वेळी श्रोता गाणे सोडून आठवणच ऐकू लागतो.

कलावंताच्या बाजूने पाहिल्यासही हा भेद दिसतो. १९११ साली मुंबईत खाडिलकरांच्या ‘संगीत मानापमान’चा पहिला प्रयोग झाला, तेव्हा बालगंधर्वांवर कन्येच्या निधनाचा आघात झालेला होता. तरीही त्यांनी भामिनी उभी केली. हा प्रसंग बहुधा कर्तव्यनिष्ठेचा दाखला म्हणून सांगितला जातो. रंगमंचावरचा भाव आणि गाणाऱ्याचा खाजगी भाव यांतील अंतराचा तो त्याहून मोलाचा पुरावा आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

अपेक्षेचे कार्य

आधुनिक संशोधनाने या अनुभवाची दुसरी बाजू उजेडात आणली. लिओनार्ड मेयर यांनी १९५६ साली असे मांडले, की संगीतातील भावना अपेक्षा जागी होणे, ती लांबणे आणि अखेर पुरी होणे यांतून उत्पन्न होते. २०११ मध्ये मॉन्ट्रियल येथील संशोधकांनी, स्वतःच्या आवडीचे संगीत ऐकून रोमांचित होणाऱ्या श्रोत्यांच्या मेंदूचे चित्रण केले. उत्कट क्षणी मेंदूत डोपामाइन स्रवत होतेच; पण त्या क्षणाच्या आधी, केवळ त्याची चाहूल लागताच, मेंदूच्या वेगळ्या भागात ते स्रवू लागत होते. चित्रणात सहभागी झालेले श्रोते अवघे ८ होते, हे ध्यानात ठेवून हा निष्कर्ष वाचावा. तरी समेची वाट पाहणाऱ्या आपल्या रसिकाला तो ओळखीचा वाटेल.

अपेक्षा करायची तर पुढे काय येणार याची जाण हवी, आणि ती ऐकून ऐकूनच येते. १९९९ साली बाल्कविल आणि थॉम्पसन यांनी हिंदुस्थानी राग कधी न ऐकलेल्या पाश्चात्य श्रोत्यांना ते ऐकविले. आनंद, दुःख व क्रोध त्यांनी ओळखले. शांत भाव मात्र त्यांना नीट ओळखता आला नाही. शिवाय भाव ओळखणे वेगळे आणि त्यात तन्मय होणे वेगळे. अभिनवगुप्तांचा ‘सहृदय’ही जन्मजात नसतो, काव्याच्या सततच्या अभ्यासाने त्याचा मनोरूपी आरसा स्वच्छ झालेला असतो.

बुरोंडीच्या त्या गृहस्थांचा अभ्यास कोणत्याही विद्यालयात झालेला नव्हता. तो टाळ धरून, वर्षानुवर्षे धृपद झेलून झाला होता. अभंगाचा शब्द, त्याची चाल आणि हातातला ठेका त्यांच्या ठायी एकत्रच वाढले. त्यामुळे ‘संगीताने की भक्तीने’ ही फोड आपण वर्गात बसून करतो. भजनाच्या ओटीवर ती लागू पडत नाही.

त्याच रात्रीची आणखी एक नोंद येथे करावयाची आहे. चहानंतरच्या गजरात त्यांचे डोळे पुन्हा भरून आले असताना पखवाजवादकाची एक मात्रा निसटली. बैठकीतल्या बहुतेकांच्या ते लक्षातही आले नाही. त्यांचा मांडीवरचा हात मात्र जागीच थांबला, ओल्या डोळ्यांनीच त्यांनी त्या तरुणाकडे रोखून पाहिले आणि ठेका पुन्हा समेवर आल्यावरच हात खाली आला.