शब्दांचं कूळ आणि मूळ : लीप

२०२२ साली पंधरा ऑगस्ट सोमवारी आला, २०२३ साली मंगळवारी. पुढच्या वर्षी तो बुधवारी यायला हवा होता; आला गुरुवारी. वर्षाचे ५२ आठवडे होऊन वर एक दिवस उरतो, म्हणून कोणतीही तारीख दर वर्षी एक वार पुढे सरकते. मध्ये २९ फेब्रुवारी पडली, की एक वार ओलांडून थेट त्याच्या पुढच्या वारावर जाते. ‘लीप इयर’मधली उडी ती हीच. वर्ष लांबतं आणि नाव मात्र उडीचं, हे कोडं असं सुटतं. चौदाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत हे नाव आलं, तेव्हा ते ठेवणाऱ्यांचं लक्ष वारांच्या चालीवर होतं.

गेल्या आठवड्यात पाहिलेला ‘जंप’ सोळाव्या शतकातला. ‘लीप’ त्याच्याहून कितीतरी जुना. जुन्या इंग्रजीत त्याचं रूप होतं ‘ह्लेआपन’ आणि अर्थ दोन : उडी मारणं आणि धावणं. त्याच्या भावंडांनी पाय जमिनीवरच ठेवले. जर्मन ‘लाउफन’ म्हणजे धावणं किंवा चालणं, डच ‘लोपन’ म्हणजे चालणं. सुरुवातीचा ‘ह’ इंग्रजीने टाकला, आइसलँडने जपला. तिथे हिमनदीखाली साठलेलं पाणी एकाएकी फुटून धावत सुटलं, की त्या पुराला ‘योकुलह्लाउप’ म्हणतात. भूशास्त्रज्ञ आता जगभर हाच शब्द वापरतात.

डचांकडून इंग्रजीत ‘लँडलोपर’ आला, म्हणजे गावोगाव फिरणारा भटक्या. त्याच धर्तीवर ‘इंटरलोपर’ घडला : दुसऱ्याच्या हद्दीत घुसून धंदा करणारा. ईस्ट इंडिया कंपनीचा मक्ता धाब्यावर बसवून हिंदुस्थानाशी परभारे व्यापार करणाऱ्यांना कंपनी याच नावाने ओळखायची. थॉमस पिट हा त्यांतला नामांकित. त्याला आवरता आवरता कंपनीच्या नाकी नऊ आले, आणि १६९८ साली तोच कंपनीचा मद्रासचा गव्हर्नर होऊन बसला!

टिटवीच्या इंग्रजी नावात तर हा शब्द ओळखूच येत नाही. ‘लॅपविंग’ म्हटलं की मांडी आणि पंख डोळ्यांपुढे येतात. खरं तर दोन्ही नाहीत. मूळ नावाचा पहिला तुकडा आपला ‘ह्लेआप’, दुसऱ्याचा अर्थ हेलकावणं. युरोपातली टिटवी उडतेच तशी. पुढे जुने शब्द कळेनासे झाले आणि लोकांनी कानाला ओळखीचे वाटणारे दोन शब्द त्या जागी बसवले.

‘जंप’ जागच्या जागीही मारता येते. ‘लीप’ला सहसा अलीकडचा आणि पलीकडचा काठ लागतो. म्हणूनच या शब्दाचे बरेच अर्थ, मध्ये काय वगळलं याभोवती फिरतात. शेक्सपिअरच्या ‘हेन्री द फिफ्थ’मध्ये उल्लेख असलेल्या ‘लीपफ्रॉग’ खेळात ओणव्या गड्याच्या पाठीवर हात टेकून पलीकडे जायचं असतं. आज अर्थशास्त्रज्ञ हा शब्द तंत्रज्ञानाला लावतात. आपल्याकडे कितीतरी वाड्यावस्त्यांवर तारेचा फोन कधी पोचलाच नाही, एकदम मोबाइल आला, हे ‘लीपफ्रॉगिंग’. पाणिनीच्या टीकाकारांनाही बेडूकच सुचला होता. एखाद्या सूत्रातलं पद मधली सूत्रं सोडून पुढच्याला लागू झालं, की ते त्याला ‘मंडूकप्लुती’ म्हणत. ‘लीप ऑफ फेथ’मध्ये वगळलेली गोष्ट म्हणजे पुरावा.

वगळणं नेहमीच परवडतं असं नाही. माओच्या १९५८च्या मोहिमेचं इंग्रजी नाव ‘ग्रेट लीप फॉरवर्ड’. शेतीप्रधान चीनला औद्योगिक देशांच्या पंक्तीत झटपट नेऊन बसवायचं होतं. गावोगावच्या परसात पोलादाच्या भट्ट्या पेटल्या, त्यांतून निघालं ते बहुतांश निकामी लोखंड. माणसं शेतातून काढून भट्ट्यांवर जुंपली, धान्याचे फुगवलेले आकडे वर गेले, त्या आकड्यांवर सरकारने धान्य उचललं. त्यानंतरच्या दुष्काळात कोट्यवधी माणसं मेली.

आणि एक ‘लीप’ असा, की ज्यात काहीच वगळलं जात नाही. पृथ्वीच्या फिरण्याशी आण्विक घड्याळांचा मेळ राहावा म्हणून १९७२पासून २७ वेळा एकेक ‘लीप सेकंद’ घालण्यात आला. शेवटचा आला तेव्हा भारतात १ जानेवारी २०१७ची पहाट होती. ५ वाजून २९ मिनिटं ५९ सेकंदांनंतर साडेपाच वाजण्याआधी आणखी एक सेकंद मोजला गेला. इथे नुसती भर, उडी कसलीच नाही; नाव ‘लीप इयर’वरून उसनं घेतलेलं. संगणकांना हा जास्तीचा सेकंद डोकेदुखी ठरतो, म्हणून २०३५पर्यंत ही पद्धत थांबवायचं २०२२ साली ठरलं.

पुढच्या आठवड्यात ‘स्प्रिंग’ : झरा, वसंत आणि घड्याळातली कमान या तिघांना एकच नाव कसं मिळालं?